बाप कशानं गेला?

मंडळी, बसा. मागचेही बसा, थोडं सरकून घ्या, जागा होते. आज माझा आवाज बसलाय. तुम्ही शांत राहिलात तर माझ्यावर उपकार होतील. अहो, थकलोय मी! खोटं कशाला सांगू? कीर्तनकार थकत नाही असं तुम्हाला वाटतं. थकतो! पण उभं राहून नाही थकत, गाऊनही नाही थकत. हल्ली मला सप्ताहाच्या बोलावण्यांपेक्षा दहाव्याच्या प्रवचनाची बोलावणी जास्त येतात – आणि गेलेला कोण? म्हातारा नाही हो! म्हाताऱ्याच्या दहाव्याला मी जातो, चार शब्द बरे बोलतो, लोक डोळे पुसतात, मग पिठलं-भात खाऊन आपापल्या घरी जातात. पण नदीकाठी गेलं की दिसतं काय? बायकोच्या कडेवर तान्हं लेकरू. म्हातारी आई दगडावर बसलेली. मी विचारतो, "काय झालं होतं हो?" उत्तर ठरलेलं – "काही नाही महाराज, काल तर चांगला होता!"

काल तर चांगला होता. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान थकलेत.

म्हणून आज एक प्रश्न विचारतो. हात वर करू नका, मनातच उत्तर द्या. देहाची चौकशी करणं हा देवावरचा अविश्वास आहे का? देवानं दिलेला देह, देवच चालवणार, देवच नेणार – मग मध्ये डॉक्टर कशाला? नाडी कशाला? ते दंडाला गुंडाळून फसफस करणारं यंत्र कशाला? सांगा! माना हलवताय – पण कोणाची हो म्हणून हलतेय, कोणाची नाही म्हणून हलतेय, मला कळत नाही. तिकडे एकाची तर झोपेनं हलतेय!

आमच्या केशवबुवांकडे बघा. मृदंग मांडीवर घेतला, तो लगेच थाप मारली का? नाही! आधी कणीक लावली. वादी ओढली. लाकडी गठ्ठे ठोकले. कान लावून ऐकलं, पुन्हा ठोकलं. तुम्ही कंटाळलात – "कधी सुरू होणार हे कीर्तन!" पण बुवांना माहीत आहे, न लावलेल्या मृदंगावर जोरात थाप पडली तर चामड्याची पुडी फाटते. मग ती दुसरी चढवता येते म्हणा. आपल्या छातीतल्या मृदंगाचं तसं नाही.

तर मंडळी, ऐका.

खानदेशात एक गाव आहे. नाव सावतखेडे समजा. शेजारी टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी खंडोबाचं देऊळ. दरवर्षी यात्रा भरते आणि यात्रेत बारागाड्या ओढतात. तुमच्यातल्या काहींनी पाहिल्या असतील. बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांत माणसं दाटीनं बसवायची – पोरं, म्हातारी, पाहुणेरावळे, कोणीही चढावं! आणि पुढे एकच माणूस. अंगभर हळद, कंबरेला दोर. दोन बाजूंना दोघं धरायला. भंडारा उधळला, येळकोट झाला, की त्यानं ओढायचं – वेशीपासून थेट देवळापर्यंत! सगळे म्हणतात, माणूस ओढत नाही, देव ओढतो. मीही म्हणतो, देवच ओढतो. पण मंडळी, दोर कोणाच्या कंबरेला असतो?

हा मान एकाच घराण्याचा. त्या घरात दोन भाऊ. थोरले सुकदेव नाना, धाकटा भिवसन. त्यांचे वडील झिपरू आप्पा. आप्पांनी बरीच वर्षं गाड्या ओढल्या. एका यात्रेत गाड्या देवळाशी आणल्या, दोर सोडला, "पाणी द्या" म्हणाले, निंबाच्या झाडाखाली टेकले – आणि मान खाली गेली ती गेलीच! पन्नाशी गाठली नव्हती. अंगावरची हळद ओली होती. साऱ्या गावानं हात जोडले. "देवानं उचलून नेलं! काय मरण! काय पुण्याई!" निंबाखाली ओटा बांधला. यात्रेचा पहिला नारळ आजही त्या ओट्यावर फुटतो. नवी सून गावात आली की आधी तिथं पाया पडते, मग घरात पाऊल टाकते.

मरण इतकं सुंदर केलं की कोणी विचारलंच नाही – कशानं गेले?

त्या वेळी नाना मिसरूड फुटलेले, आणि भिवसन आईच्या मांडीवर. पुढे आईही गेली. नानांनी धाकट्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. गाड्या ओढल्या, शेती ओढली, घर ओढलं. बिचाऱ्याला बसायलाच मिळालं नाही. शेवटी गुडघे बोलायला लागले, तेव्हा नाना पंचांना म्हणाले, "आता पुरे. यंदा हळद भिवसनच्या अंगाला लावा."

आता हा भिवसन कसा? चाळिशी ओलांडलेला, दाराच्या चौकटीत मावायचा नाही असा! बघणाऱ्यानं म्हणावं, काय तब्येत आहे! अहो, तब्येत कसली? दिवसभर ट्रॅक्टरच्या सीटवर. बाप नांगरामागं चालला, भाऊ बैलामागं चालला, हा ट्रॅक्टरवर बसला. घरून बांधापर्यंत मोटरसायकल. गालात तंबाखूची गोळी. संध्याकाळी पारावर भजी. हसताय? तुमच्या पँटीचा पट्टा कितव्या भोकावर आहे, तो आधी चाचपून बघा!

तरी यात्रेला अवकाश होता. तयारीची रीत होती – रोज पहाटे टेकडी चढायची, बैठका मारायच्या, मग एक गाडी, दगड भरलेली गाडी, असं वाढवत न्यायचं. पण यंदा पंचांनी एक नवीन गोष्ट काढली. आदल्या वर्षी पलीकडच्या गावात गाड्या ओढणारा माणूस अर्ध्या वाटेत कोसळला होता. वाचला, पण पंच घाबरले. म्हणाले, "नाना, तयारीला लागायच्या आधी भिवसनला दवाखान्यात दाखवून घ्या."

नानांना ते लागलं. आमच्या घराण्याची परीक्षा? पण पंचांचा शब्द. गेले भावाला घेऊन.

सरकारी दवाखान्यात तडवी बाई डॉक्टर होत्या. वयानं लहान, बोलायला शांत. दिवसभराचे पेशंट बघून त्याही दमलेल्या. त्यांनी बीपी बघितलं – जरा चढलेलं. मग विचारायला लागल्या. आणि मंडळी, इथं गंमत बघा! प्रश्न भिवसनला, उत्तर नानांचं! कारण भिवसनच्या गालात गोळी होती, तोंड उघडता येत नव्हतं – आणि उघडता आलं असतं तरी थोरला भाऊ बसलेला असताना धाकटा बोलतो होय?

"छातीत कधी दाबल्यासारखं होतं?"

"छे! बैल आहे बैल!"

"चालताना धाप लागते? चक्कर?"

"याला? डॉक्टरबाई, हा ट्रॅक्टर हातानं ढकलतो."

"तंबाखू?"

"नाही हो!" नाना म्हणाले, आणि भिवसननं गोळी या गालातून त्या गालात सरकवली.

बाई हसल्या. त्यांना दिसलं होतं. पण मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, आणि तो हसत नाही विचारला. "घरात कोणी हृदयविकारानं गेलंय का? वडील, काका, भाऊ – तरुणपणी, अचानक?"

नाना थांबले नाहीत. अडखळले नाहीत. छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्या घरात असला आजार नाही."

खोटं बोलले का? सांगा बरं! नाना खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यांच्या मनात आप्पा आजारानं गेलेच नव्हते! आप्पांना देवानं नेलं. ओटा आहे, नारळ फुटतो, सुना पाया पडतात. तो मान होता, आजार कसा असेल? डॉक्टरबाईंनी आजार विचारला, नानांनी नाही म्हटलं. अहो, ही चूक शहाण्या माणसाच्या हातून होत नाही. त्यासाठी घराला फार मोठी पुण्याई लागते!

बाई म्हणाल्या, "घरात तसं काही असतं तर मी आधी जिल्ह्याला पाठवलं असतं. फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदय बघितलं असतं, आणि तोवर बैठकही मारू दिली नसती. नाही म्हणताय, तर हळूहळू सुरुवात करा. आधी नुसतं चालणं. तंबाखू सोडा, बीपी पुन्हा दाखवा. आणि छातीत, हातात, जबड्यात काहीही वाटलं तर थांबायचं आणि माझ्याकडे यायचं."

"हो, हो," नाना म्हणाले. आपण सगळेच म्हणतो. दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत ते 'हो' आपल्या तोंडात असतं, चपला घालताना सांडून जातं.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू. हळूहळू? कसलं हळूहळू! टेकडी! बैठका! नाना खाली दगडावर बसून ओरडायचे, "चल, चल! आप्पांचं रक्त आहे तुझ्यात!" खरंच होतं हो. तेच तर होतं.

आता नानांची एक गोष्ट सांगायची राहिली. नाना बैलाचे पारखी! पंचक्रोशीत कोणी बैल घ्यायचा तर नानांना बाजारात घेऊन जाणार. नाना बैलाला चालवून बघत. नाकपुडीला हात लावत – ओली आहे का. खुर उचलून बघत. दात बघत. जरा पळवत आणि मग कुशीकडे बघत राहत – श्वास किती वेळानं खाली बसतो. एवढं करून शेवटी विकणाऱ्याला विचारत, "याचा वळू कुठला? त्याचं काय झालं?" विकणारा गोंधळला, की नाना दाव्यावरून हात काढत आणि पुढे चालू लागत. "ज्याच्या बापाचं ठाऊक नाही त्याला जू लावू नये," असं म्हणत.

हाच माणूस हो! हाच!

काही दिवस गेले. भिवसन टेकडीच्या मध्यावर, एका पांढऱ्या दगडापाशी थांबायला लागला. आधी म्हणाला, बूट चावतो. बूट बदलले. मग म्हणाला, ऊन लागतं. ऊन नव्हतं. खरं का सांगत नव्हता? खाली दगडावर नाना बसलेले ना! ज्यानं आपल्याला भरवलं, ज्याचे गुडघे आपल्यासाठी झिजले, त्याला काय सांगायचं – मला धाप लागते? पुरुष माणसाला मरायची भीती कमी आणि धाप दिसायची भीती जास्त! खरं की नाही? बायका हसताहेत, म्हणजे खरं आहे.

एका संध्याकाळी नाना ओसरीवर बसले होते. भिवसनची बायको वेणू आत आली, जावेला म्हणाली, "अक्का, वाटीभर तिळाचं तेल द्या. यांचा डावा दंड भरून येतोय. टेकडी उतरले की चोळत बसतात."

कौतिकबाईंनी – म्हणजे नानांच्या बायकोनं – तेल गरम केलं. वाटी घेतली. पण ती वेणूच्या हातात दिली नाही. ओसरीवर आल्या आणि नानांच्या पुढ्यात ठेवली.

"जा. तुम्हीच चोळा. तुम्हाला सवय आहे."

नानांनी वर बघितलं. "कसली सवय?"

"मी नवी नवरी होते. त्या यात्रेच्या आधी मामंजी रोज संध्याकाळी इथंच बसायचे, आणि तुम्ही त्यांचा डावा दंड चोळायचा. तेल मीच गरम करून द्यायची. विसरलात?"

नानांनी वाटी जवळ ओढली. वाटीतल्या तेलाचा वास आला असेल त्यांना. मंडळी, वासाचं वाईट असतं, माणूस विसरला तरी नाक विसरत नाही. त्यांना सगळं दिसलं. आप्पा पाय पसरून बसलेले. "जरा वर चोळ, खांद्याकडे. जबडाही ठणकतोय रे." आणि नंतर – "कोणाला सांगू नको. यात्रा होऊन जाऊ दे."

"तो थकवा होता," नाना म्हणाले.

"बरं," कौतिकबाई म्हणाल्या. "थकवा असेल. तुम्ही बैल घ्यायला जाता तेव्हा त्याच्या बापाची चौकशी करता. डॉक्टरबाईंनी तुमच्या भावाच्या बापाची चौकशी केली, तर काय सांगितलंत?"

एवढंच बोलल्या आणि चुलीकडे गेल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. इतक्या वर्षांत भांडून भांडून त्याही दमल्या होत्या बिचाऱ्या.

नाना उठले. दंड चोळायला नाही गेले, निंबाखाली ओट्यावर जाऊन बसले. आणि मंडळी, आता नानांच्या जागी स्वतःला ठेवा. खरं बोलायचं म्हणजे काय बोलायचं? माझा बाप आजारी होता. त्याला देवानं उचलून नेलं नाही, दुखणं लपवून तो दोर ओढायला गेला आणि मेला. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. म्हणजे हा ओटा? हा नारळ? नव्या सुनांचे नमस्कार? घराण्याचं सगळं वैभव या एका ओट्यावर उभं! हा हलवला तर उरतं काय? एक म्हातारा, दोन दुखरे गुडघे. आणि नाही हलवला तर? तर भिवसन.

एका पारड्यात मेलेल्या बापाचा मान, दुसऱ्यात जिवंत भावाचा जीव. तुम्ही म्हणाल, यात विचार काय करायचा? अहो, बसल्या जागी म्हणणं सोपं आहे! आपण रोज हेच तर तोलतो – लोक काय म्हणतील एकीकडे, आणि घरातलं माणूस एकीकडे. पारडं कुठं झुकतं, ते नदीकाठी मी बघतो ना!

नानांना रडूही येत नव्हतं. ते ओट्याला म्हणाले, "आप्पा, दमलो हो. मिसरूड फुटल्यापासून तुमची ही एक गोष्ट पाठीवर घेऊन चाललोय. आता ठेवू का खाली?"

ओटा काय बोलणार? वरून निंबाची दोन पानं पडली. पानं काय, पडतच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच जमले होते. पहिल्यांदाच जोडलेल्या गाड्या ओढून बघायच्या होत्या. भिवसन दोर बांधून उभा. तोंड फिकट, कपाळाला घाम – ओढायच्या आधीच घाम! गाड्यांत पोरंठोरं चढलेली. कोणीतरी भंडारा हातात घेतला. आणि नाना लंगडत पुढे आले.

"भिवसन, दोर सोड."

"काय झालं नाना?"

"दोर सोड म्हणतो! दवाखान्यात जायचंय, जीप सांगून आलोय." मग ते पंचांकडे वळले. "आमचे आप्पा आजारी होते. डावा हात दुखायचा, जबडा दुखायचा. मी रोज तेल लावून देत होतो. त्यांनी लपवलं, मी लपवलं. आता याचाही हात दुखतोय. हा गाड्या ओढणार नाही."

मग एक म्हातारे पंच पुढे आले. "सुकदेव, जरा जीभ सांभाळ. त्या ओट्यावर आमच्या लेकीसुनांनी डोकं टेकलंय. आप्पांना आजारी म्हणतोस?"

"आजारी माणसाला आजारीच म्हणतो बापू. तेव्हा म्हटलं असतं तर ओटा नसता, पण आप्पा असते."

पण पंचांचं बोलणं एक वेळ सोसतं. भावाचं नाही सोसत. भिवसननं दोर आपटला. सगळ्या गावासमोर म्हणाला, "मान सोडवत नाही तुम्हाला! आयुष्यभर हळद तुम्ही लावली, आता मला लागायची वेळ आली तर बापाला आजारी पाडलंत! नको होतं मला पुढे करायचं तर आधीच सांगायचं!"

ज्याला भरवलं, त्यानं असं म्हणावं! नानांनी ऐकून घेतलं. दुसरा असता तर म्हणाला असता, जा, मर! आपण म्हणतो. नाना म्हणाले, "शिव्या दे. हव्या तेवढ्या दे. पण जीपमध्ये बसून दे."

गर्दीतून वेणू पुढे आली, तिनं नवऱ्याचा हात धरला आणि त्याला जीपमध्ये बसवलं.

डॉक्टर तडवी बाईंसमोर नाना या खेपेला खुर्चीवर नाही बसले, उभे राहिले. सगळं सांगितलं. हात, जबडा, निंब, पाणी. बाई ऐकत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग चढत होता.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"ठाऊक नव्हतं बाई."

"ठाऊक नव्हतं?"

नानांनी टोपी काढून हातात घेतली. "ठाऊक होतं. आठवायचं नव्हतं."

बाई मग रागावल्या नाहीत. त्यांनी लगेच ईसीजी काढला, गोळी दिली, रुग्णवाहिका बोलावली, जिल्ह्याच्या दवाखान्याला फोन लावला. तिथं हृदयाच्या नळ्या बघितल्या – बंद व्हायला आलेल्या! त्या उघडल्या, आत जाळी बसवली. मोठे डॉक्टर बाहेर येऊन नानांना म्हणाले, "गाड्या ओढल्या असत्या तर वाचला नसता."

नाना भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "निंबाखाली दुसऱ्या ओट्याला जागा आहे. मी बघून आलोय."

मंडळी, तुम्हाला वाटत असेल, आता भाऊ भावाच्या गळ्यात पडला, गावानं नानांचा जयजयकार केला! तसं काही झालं नाही हो. त्या यात्रेत गाड्या जागेवरच उभ्या राहिल्या. चाकांना हळद लावली, लोक पाया पडून गेले. देव काही कोपला नाही. माणसं कोपली! "घराण्यानं मान घालवला" म्हणाली. निंबाखालचा नारळ त्या वर्षी कोणी फोडला, कोणी नाही फोडला. आणि भिवसन? घरी आला, पण नानांशी बोलेना. एका अंगणात राहून बोलेना! कौतिकबाई म्हणाल्या, "वाईट नाही वाटत?" नाना म्हणाले, "वाटतं. पण भिंतीपलीकडून त्याचं घोरणं ऐकू येतं. रुसलेला भाऊ चालेल मला."

डॉक्टरबाईंनी भिवसनला चालणं नेमून दिलं होतं. आधी दारापासून कोपऱ्यापर्यंत. मग शाळेपर्यंत. मधे नाडी बघायची, धाप लागली तर उभं राहायचं, बोलता येईल एवढ्याच वेगानं चालायचं. हाही व्यायामच मंडळी! पण विचारून केलेला, मोजूनमापून चढवलेला. भिवसन पुढे चालायचा आणि थोडं अंतर ठेवून मागे नाना लंगडत चालायचे. भाऊ बोलत नव्हता, पण 'मागे येऊ नका' असंही म्हणत नव्हता.

असं करत करत एके दिवशी ते निंबापर्यंत पोचले. भिवसन ओट्यावर टेकला. नाना दूर उभे. मग भिवसननं विचारलं – वर न बघता विचारलं.

"नाना, आप्पांचा हात खरंच दुखत होता?"

"हो रे."

"खूप?"

"रात्री कुशीवर झोपता यायचं नाही त्यांना."

भिवसन ओट्यावरून हात फिरवत राहिला. बाप त्याला आठवतच नव्हता. त्याच्यासाठी बाप म्हणजे हा दगड, हा नारळ. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला हात दुखणारा बाप मिळाला. तो रडायला लागला. म्हणाला, "कोणी थांबवलं का नाही हो त्यांना?"

नाना ओट्याशी आले. गुडघे वाकत नव्हते, तरी शेजारी बसले. भावाचा डावा दंड हातात घेतला. तेल नव्हतं, नुसताच धरून ठेवला.

गोष्ट संपली मंडळी. त्या गावात आता गाड्या पुन्हा ओढतात. पण हळद लागायच्या कितीतरी आधी, तयारीची पहिली बैठक मारायच्या आधी, मानकऱ्याला त्या ओट्यावर बसवतात. समोर डॉक्टर बसतात आणि सगळ्या गावादेखत विचारतात. तंबाखूची गोळी आधी थुंकायला लावतात! उत्तर त्याचं त्यानं द्यायचं. थोरल्यानं मधे बोलायचं नाही.

आता तुमच्याकडे येतो. सुटलात असं समजू नका! तुमच्यात कोणी उद्यापासून पळायचं ठरवलंय. पांढरे बूट आणलेत, मला दिसले मांडवाबाहेर. कोणी पोरांच्या नादानं व्यायामशाळेत नाव घातलंय. उत्तम केलंत! हलवा देह, देवानं तो बसायला दिलेला नाही. साधं चालणं उद्या सकाळी सुरू करा, कोणी अडवणार नाही. पण छातीत दाटत असेल, जिना चढताना थांबावं लागत असेल, साखर असेल, बीपी असेल, वर्षानुवर्षं हललाच नसाल – तर अंगाला झटका द्यायच्या आधी विचारा. त्यात अविश्वास कसला? मघाशी विचारलं ना मी? दोर ज्याच्या कंबरेला बांधायचा त्याची चौकशी करणं, हीसुद्धा देवाचीच चाकरी आहे.

आणि एक काम आज द्यायचंय. घरी गेलात की आईजवळ बसा. आई नसेल तर आत्या, काकू, जी कोणी म्हातारी उरली असेल तिच्याजवळ. आणि विचारा – बाप कशानं गेला? ती म्हणेल, "पुण्याईनं गेला." पुन्हा विचारा. म्हणेल, "झोपेतच गेला, देवमाणूस होता." पुन्हा विचारा – त्याच्या आधी काय दुखत होतं? कोण तेल चोळत होतं? ती रडेल. रडू द्या, जवळ बसा. आणि जे सांगेल ते डॉक्टरला जाऊन सांगा, आपल्या लेकरांना सांगा. बापाचा मान कमी होत नाही त्यानं. बाप तुमच्या उपयोगी पडतो, मेल्यावरसुद्धा!

मी थकलोय, मंडळी. नदीकाठी उभं राहून "काल तर चांगला होता" ऐकायची ताकद आता माझ्यात नाही. मला सप्ताहाला बोलवा. बारशाला बोलवा. आवाज बसला तरी येईन. दहाव्याला बोलवू नका.

चला, घ्या टाळ. देवाचं नाव घेऊ, श्वास पुरेल तितकं घेऊ. आणि कोणाला धाप लागली तर लपवू नका – शेजाऱ्याला सांगा.